छत्रीच्या कापडाचा पतंग

शेटे सरांना विशेषणांचा राग होता. वर्गात कुणी म्हणालं, "सर, लई ऊन हाय," की ते फळ्याकडं तोंड ठेवूनच विचारत, "लई म्हणजे किती?" मग सर कपाटातला तापमापक काढून त्यालाच खिडकीत धरायला लावत आणि आलेला आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. मी त्या शाळेत हिंदी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "या शेख बाई. नांदेडच्या. फार हुशार." सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "एसटीनं किती तास?" मी म्हटलं, साडेचार. "साडेचार," ते म्हणाले आणि मान डोलावली. माझ्या हुशारीबद्दल त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही.

औशाच्या पुढं सोलापूरचा रस्ता सोडून आत वळलं की ते गाव लागतं. शाळेच्या पाठीमागंच मुरमाड माळ चढत जातो. माळावर उभं राहिलं की लांबच्या पवनचक्क्या दिसत. त्यांची वीज मोठ्या मनोऱ्यांवरून आमच्या डोक्यावरून पुढं कुठंतरी जाई, आणि खाली शाळेतले पंखे बंद असत.

पंखा बंद पडला की सर हातातला खडू ठेवून पळत. वाक्य अर्धं असलं तरी. पन्नाशी ओलांडलेला, धोतरासारखी ढगळ पँट घातलेला तो माणूस मैदान ओलांडून पळत जाई आणि पोरं वाट बघत बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग मी त्यांच्या घरी गेले.

घर शाळेच्या भिंतीला लागूनच होतं. पुढच्या खोलीत खाटेवर सरांच्या पत्नी महानंदावहिनी बसलेल्या आणि शेजारी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन घुरघुरत होतं. त्यातली नळी वहिनींच्या नाकाला. फुप्फुसं आतून कडक होत जाण्याचा आजार होता. लातूरच्या डॉक्टरांनी आधी रोज सोळा तास सांगितलं होतं, आता चोवीस. लाईन गेली की मशीन एक लांब शिट्टी मारून थांबे. बॅटरीवर चालायची सोय होती, पण गावातला दाब इतका कमी की बॅटरी कधी भरलेली असे, कधी नसे, आणि कधी मशीन बॅटरी घेतच नसे. म्हणून ते पळणं.

वहिनी निलंग्याकडच्या. माहेरी घरात कानडी. पूर्वी म्हणे त्या बोलायला लागल्या की विहिरीवर बायकांच्या घागरी रिकाम्याच राहत. मी पाहिलं तेव्हा त्या तीन शब्दांवर आल्या होत्या. तीन शब्द, मग श्वास. मला म्हणाल्या, "तार पाठवते मी." मला कळेना. सरांनी सांगितलं, "पूर्वी तार करताना शब्द मोजायचे ना, तसं म्हणून राहिल्यात." वहिनी डोळ्यांनी हसल्या. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांशी वाद घालत जगले होते आणि आता एकाचा आवाज संपत चालला होता.

सरांनी काय केलं नव्हतं? लातुरात खोली घेऊन दोन महिने राहिले. रस्त्याच्या धुळीनं वहिनींचा खोकला वाढला आणि लाईन तिथंही जात होतीच. छपरावर सौरपट्ट्या बसवल्या. उन्हाळाभर त्या छान चालल्या, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग हटेनात. मांडववाल्याचं डिझेलवर चालणारं जनरेटर आणलं. अंगणात लावलं तरी धूर आत आला आणि त्या दिवशी वहिनी निळ्या पडल्या. सिलिंडर दोन होते. ते भरायला लातूरला जावं लागे, आणि ओढ्याच्या पुलावरून पाणी गेलं की गावाबाहेर पडणंच बंद.

एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. कुठल्यातरी हिरव्यागार परदेशी किनाऱ्यावर काही माणसं भलामोठा पतंग उडवत होती. पतंग वर जाताना दोरी ओढी, दोरीनं पिंप फिरे, पिंपाला जोडलेल्या यंत्रातून वीज निघे. मग पतंग मिटवायचा, दोरी गुंडाळायची, पुन्हा सोडायचा. बोलणारा माणूस म्हणत होता, जिथं विजेचे खांब पोचत नाहीत त्या विकसनशील देशांसाठी हे आहे.

"बाई, हे आपल्याबद्दल बोलून राहिलेत," सर म्हणाले. "पण यातलं कुणी आपल्याकडं यायचं न्हाई. तवर आपल्याला थांबता येत न्हाई."

"सर, पतंगावर मशीन चालेल?"

"पावसाळ्यात ऊन नसतं. लाईन नसते. वारं असतं." त्यांनी वही उघडली. महिनाभर ते शाळेच्या गच्चीवरून साधा पतंग उडवून त्याच्या दोऱ्याला ताणकाटा बांधत होते, आणि आम्हाला वाटत होतं की सरांचं डोकं फिरलं. पानंच्या पानं आकडे. "खाली वारं अडखळतं. वर सारखं असतं. मोजलंय मी."

त्यांना एकच माहीत नव्हतं, पतंग कसा बांधायचा. माझे अब्बा नांदेडला जुन्या भागात शिंपीकाम करत आणि संक्रांतीच्या आधी दोन महिने पतंग. मी सरांना घेऊन गेले. चार दिवस वहिनींजवळ त्यांची बहीण येऊन राहिली. सरांनी तिला लाईन गेल्यावर काय करायचं ते कागदावर लिहून दिलं, कागद भिंतीला चिकटवला, आणि एसटी लातूर सोडायच्या आत तीन वेळा फोन केला.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "कित्ता खेंचना उसने?"

"चाळीस किलो."

अब्बांनी गळ्यातला टेप काढून खाली ठेवला. "मास्टरसाब, ये पतंग नहीं. बैल है."

"मग वेसण कुठं घालायची तेवढं सांगा," सर म्हणाले.

त्यानंतर ती दोन माणसं चार दिवस दुकानाच्या फरशीवरून उठली नाहीत. कापड छत्रीचं घ्यायचं ठरलं, काळं. हलकं आणि पाणी न धरणारं. अब्बांनी कन्नी शिकवली, म्हणजे पतंगाच्या अंगाला बांधायच्या त्या दोऱ्या. गाठ एक बोट वर घेतली तर पतंग डोक्यावर पळतो आणि ओढत नाही. एक बोट खाली घेतली तर ओढतो, पण कधी गोता खाईल सांगता येत नाही. सर बोटाची रुंदी पट्टीनं मोजून लिहीत होते. निघायच्या आदल्या दिवशी अब्बांनी मला आत बोलावलं. "इनकू इत्ती जल्दी काहे की?" मी वहिनींबद्दल सांगितलं. सरांनी त्यांना फक्त मशीन चालवायचंय एवढंच सांगितलं होतं. अब्बांनी बाहेर जाऊन पूर्ण झालेल्या पतंगाची मधली शिवण उसवली आणि दुहेरी घातली.

मुरुडच्या एका भंगारवाल्याकडून सरांनी विजेच्या स्कूटरचं चाक आणलं. त्यातली मोटर उलटी फिरवली की वीज देते. केबल गुंडाळायचं लाकडी पिंप त्याला जोडलं. माळाचा तो तुकडा व्यंकटराव जाधवांचा. चाळीस एकरांचे धनी, सरांचे शेजारी, आवाज मोठा. "उडवा की मास्तर, माळ काय झिजतोय व्हय," म्हणून त्यांनी परवानगी दिली होती.

पहिल्या दिवशी पतंगानं गोता खाल्ला आणि दोरी सरांच्या तळहाताची साल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पिंप उखडलं. पाचव्या दिवशी पिंपाला जोडलेला दिवा लागला. मी आणि सरांनी वहिनींची खुर्ची अंगणात आणली, सिलिंडर शेजारी. वहिनींनी बराच वेळ वर बघितलं.

"मोठा कावळा दिसतोय."

सर मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी एकदाच पाहिलं.

मग जून आला आणि पाऊस आला नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या चालल्या. ढग यायचे, माळावरून पुढं जायचे. गावात बोलणं सुरू झालं. पवनचक्क्यांमुळं ढग पळतात असं लोक आधीपासून म्हणतच होते. पवनचक्क्या लांब होत्या आणि त्यांना कुणी विचारू शकत नव्हतं. पतंग जवळ होता. मारुतीच्या पारावर बैठक बसली. सरांनी मला बरोबर यायला सांगितलं, बहुतेक साक्षीला.

"मास्तर," व्यंकटराव म्हणाले, "तुमचं ते काळं वर गेलं की आभाळ फाकून राहिलंय. सगळं गाव बघून राहिलंय."

सर ढग किती उंचावर असतात ते सांगायला लागले. आकडे सांगितले. कुणी ऐकत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "बियाणं घरात पडून हाय, आन् हे पतंग उडवू लागले." सरांनी वही मिटली. मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्यांनी हात जोडले.

"व्यंकटराव, माझ्या घरात माणूस हाय."

"आमच्या बी घरात माणसंच हायत, मास्तर."

दोघंही खरं बोलत होते. पतंग घडी घालून वहिनींच्या खाटेखालच्या ट्रंकेत गेला. तेवीस दिवस तो तिथंच होता. सर रोज शाळा सुटल्यावर वही घेऊन बसत आणि कागदावरच पतंग उडवत. "परतीचं अजून जमलेलं न्हाई," मला म्हणत. दोरी गुंडाळताना पतंग मिटायला हवा. त्यासाठी एक वेगळी दोरी होती आणि ती दर चार-पाच खेपांना अडकत होती. "वर उडवल्याबिगर हे सुटणार न्हाई, बाई. आणि ऑगस्टात ढग हटले न्हाईत तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

पाऊस पुनर्वसूत आला. पेरण्या झाल्या. गाव खुशीत होतं. आणि दहाच दिवसांनी वादळ आलं. फाट्यापासून गावापर्यंतचे विजेचे खांब एकामागून एक आडवे झाले. एक दिवस, एक रात्र बॅटऱ्या पुरल्या, मग एक सिलिंडर. सकाळी सात वाजता सरांनी दुसऱ्या सिलिंडरचा काटा पाहिला. "सव्वादोन तास." पुलावरून कंबरभर पाणी चाललं होतं. फोनवर रुग्णवाहिकेवाला सांगत होता, गाडी पलीकडं उभी करतो, पाण्यात घालत नाही.

सरांनी ट्रंक ओढली.

"मी येते," मी म्हटलं.

"तुम्ही इथं बसा. मशीन सुरू झालं की सिलिंडर बंद करा, आणि ते थांबलं तरच पुन्हा उघडा. आधी न्हाई. एक मिनिट बी आधी न्हाई."

ते एकटे निघाले. त्या यंत्राला दोन माणसं लागत, एक पिंपाला, एक मिटवायच्या दोरीला. हे त्यांना माहीत होतं आणि तरी ते निघाले. मी दारात उभी होते. गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक माणूस उभा दिसला. व्यंकटराव होते. पारावरच्या बैठकीनंतर दोघांचं बोलणं बंद होतं.

"दोरी कुठली धरायची ते सांगा," ते म्हणाले. "पुढचं पुढं बघू."

पुढचे आठ तास मी त्या खोलीत बसून काढले. माळावरून आलेली तार खोलीतल्या बॅटरीला जोडलेली होती आणि भिंतीवर सरांनी एक काटा बसवला होता. पतंग ओढायला लागला की तो उजवीकडं सरके, दोरी गुंडाळताना डावीकडं परत येई. बॅटरीत जेवढं येई तेवढं मशीन लगेच खाऊन टाकी. खिडकीतून माळ दिसत होता. काळा पतंग पावसात चढायचा, मिटायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. सव्वा मिनिट तो ओढी आणि मग तेवढाच वेळ ती दोन वाकलेली माणसं हातानं दोरी गुंडाळत. काही वेळा तो चिखलात पडला. मी श्वास धरून काट्याकडं बघत बसे, काटा डावीकडं डावीकडं जाई, मशीन बारीक आवाज करायला लागे, आणि मग खिडकीत पुन्हा काळं दिसे.

वहिनींनी दुपारी मला जवळ बोलावलं. "त्यांना म्हणावं, जेवा."

"सांगते, वहिनी."

"खोटं बोलतेस गं."

चारच्या सुमाराला पाऊस थांबला आणि वाराही. मी तो पडताना पाहिला. पतंग फडफडला नाही, फाटला नाही. नुसता सैल होत होत व्यंकटरावांच्या नव्या सोयाबीनवर येऊन पसरला. काटा डावीकडं गेला. दहा-बारा मिनिटांनी मशीननं शिट्टी मारली. मी सिलिंडर उघडला.

सर दारात आले. दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली, ती लाल झालेली. पाय चिखलाचे म्हणून आत आले नाहीत. "वारं पडलं," ते म्हणाले. जणू त्यांच्या हातून पडलं होतं.

वहिनींनी नळी बाजूला केली. "बसा आता तुम्ही." मग श्वास घेऊन कानडीत म्हणाल्या, "साकु." पुरे.

सर बसले नाहीत. ते वळून परत माळावर गेले. व्यंकटराव ट्रॅक्टर बघायला निघून गेले होते. मी खिडकीतून पाहत होते. सर एकटे, पतंग उचलून मोकळ्या जागी आणलेला, दोरी हातात, तोंड वर. गवताची काडी हलत नव्हती. ते तसेच उभे राहिले. तासभर. मी हाक मारली नाही.

साडेपाचला पुलावरचं पाणी गुडघ्याखाली आलं. व्यंकटरावांनी ट्रॉलीत खाट बांधली. सिलिंडर माझ्या मांडीवर होता आणि त्यातला आवाज बारीक होत चालला होता. पलीकडं गाडी उभी होती. वहिनी वाचल्या.

बारा दिवसांनी त्या घरी आल्या तेव्हा सरांनी परतीच्या दोरीचं कोडं सोडवलं होतं. मग त्यांना दुसरंच वेड लागलं. असे किती जण असतील, असं ते म्हणायला लागले. औसा तालुक्यात किती, लातूर जिल्ह्यात किती, तिकडं धर्माबादपर्यंत किती. आरोग्य उपकेंद्रात एकेक पतंग ठेवता येईल म्हणून त्यांनी आराखडे काढून एका कार्यालयाला पाठवले. महिन्यानं उत्तर आलं, की पवनऊर्जेच्या अर्जात पतंग हा प्रकार नसल्यामुळं अर्ज विचारात घेता येत नाही. सरांनी दुसरा अर्ज लिहिला. त्याचं उत्तर आलं नाही. तिसरा लिहिताना वहिनी म्हणाल्या, "माझ्याशी बोला थोडं." त्यांनी पेन ठेवलं.

ऑक्टोबरात वहिनी गेल्या. सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशी लाईन होती. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. दोन्ही सिलिंडर भरलेले. माळावर चांगला वारा होता. मशीन चालूच होतं आणि नळीतून ऑक्सिजन येतच होता. फक्त त्यांना तो घेता येईना. सरांनी हात धरला होता. मग त्यांनी वाकून बटण दाबलं. बटणानं बंद केलं की ते मशीन शिट्टी देत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यांच्या रीतीप्रमाणं वहिनींना बसलेल्या स्थितीत शेताच्या कडेला माती दिली. वर्गात पंखा बंद पडला की सर खडू ठेवत आणि मग तसेच उभे राहत. पोरं मान खाली घालत.

अब्बा थकले होते, म्हणून मी नांदेडला बदली मागितली होती. ती त्याच आठवड्यात मंजूर झाली. निरोप घ्यायला घरी गेले तर दाराला कडी. आभाळ भरून आलं होतं, परतीचा पाऊस. सोयाबीन काढून सगळ्यांच्या गंजी शेतात उघड्या पडल्या होत्या आणि जो तो मेणकापड शोधत पळत होता. मी माळाकडं गेले.

व्यंकटरावांच्या गंजीवर तो पतंग पसरलेला होता. सर आणि व्यंकटराव दोन बाजूंनी तो ओढून घेत होते. कन्नीच्या दोऱ्या सरांनी कापून टाकल्या होत्या.

"सर," मी म्हटलं.

"पाणी धरत न्हाई हे कापड," ते मान वर न करता म्हणाले. "अब्बांना सांगा, शिवण टिकली."

थेंब सुरू झाले. माळावरून जोराचा वारा आला आणि पतंगाची एक कड फुगून वर उठली. सरांनी पटकन गुडघा टाकून ती दाबली, दोन्ही हात पसरून तिच्यावर ओणवे झाले आणि इकडं तिकडं बघायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "तो दगड द्या इकडं. मोठा."

मी दिला.